गार कागद

१

"पत्र सुनेसमोर वाचायचं नाही. तिला कळेल, आणि तिला कळलं की मग आपल्यालाही कळल्यासारखं होईल."

हे सासूबाई सासऱ्यांना म्हणाल्या, स्वयंपाकघरात, नळ सोडून. नळाच्या आवाजात बोललेलं बाहेर जात नाही अशी त्यांची समजूत होती. पण ओट्याच्या मागच्या भिंतीला टेकून नवी सून कपडे पिळत उभी होती, आणि त्या भिंतीत वर एक झरोका होता. लग्नाला अजून पंधरा दिवसही झाले नव्हते. नव्या घरात कुठला आवाज कुठून कुठे जातो हे सुनेला सासूच्या आधी कळतं, कारण पहिले काही दिवस तिला गप्प बसण्यावाचून दुसरं काम नसतं.

तिच्या नोकरीची त्या घरात आधीपासूनच थोडी धास्ती होती. लग्न ठरताना सासऱ्यांनी विचारलं होतं की म्हणजे तुम्ही नेमकं करता काय. तिनं सांगितलं, लिहिलेलं माणसानं लिहिलंय की यंत्रानं, ते ओळखते. सासरे हसले होते. नवरा हसला नव्हता. ते तिच्या तेव्हाच लक्षात आलं होतं, पण मुलगा गंभीर दिसतो म्हणून तिनं त्याला दोन गुण जास्तच दिले.

कचेरी म्हणजे वह्या-पेन्सिलींच्या एका दुकानावरच्या दोन खोल्या. पाच टेबलं, एक खिडकी, आणि दोन रबरी शिक्के: 'माणूस' आणि 'यंत्र'. प्रवेशअर्जाचे निबंध यायचे, राजीनामे यायचे, माफीनामे यायचे, एकदा तर मृत्युपत्र आलं होतं. हे ओळखणारी यंत्रंही होती, पण यंत्रानं यंत्राबद्दल दिलेल्या साक्षीवर कुणी भरवसा ठेवेना, म्हणून माणसं बसवली होती. सगळ्यांच्या वर एक बाई. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासून डोळे लाल झालेल्या. त्यांचा शिरस्ता असा की प्रत्येक कागद तीनदा वाचायचा. एकदा डोळ्यांनी, एकदा पुटपुटत, आणि तिसऱ्यांदा शेवटच्या वाक्यापासून सुरू करून खालून वर. यंत्राचं लिखाण खालून वर वाचलं तरी सरळ उभं राहतं, बाई सांगायच्या, एकेक वाक्य आपापल्या पायांवर. माणसाचं कोसळतं. माणूस मागच्या वाक्याच्या खांद्यावर हात ठेवून चालत असतो.

दुसरा नियम, घरचा कागद टेबलावर आणायचा नाही. पूर्वी एकानं आणला होता. त्याचं पुढं काय झालं ते बाई सांगत नसत, पण पाचांतलं एक टेबल रिकामं होतं.

तर झरोक्यातून ऐकलेल्या वाक्याचा अर्थ तिला दोन मंगळवारांत लागला. ती तीनला सुटायची, साडेतीनला घरी यायची, आणि मंगळवारी चहाचा कप खाली ठेवायच्या आत तिला कुठंतरी पिटाळलं जायचं. बहुतेकदा शिंप्याकडे. त्या दिवसांत तिचे ब्लाउज इतक्या वेळा आत घेतले आणि बाहेर सोडले गेले की शेवटी शिंपीच म्हणाला, ताई, एकदा वजनाचं काय ते ठरवा.

२

दोन-अडीच महिने असे गेले, आणि एका मंगळवारी शिंप्याचं दुकान बंद होतं.

ती परत आली. तिसऱ्या मजल्यावर घर, जिना उभा. तिनं किल्लीनं दार उघडलं, चपला काढल्या आणि घरातल्या अरुंद बोळात थांबली. बोळाच्या एका टोकाला हॉल, मधे त्या दोघांची खोली, आणि शेवटी कोपऱ्यातली खोली, तिथे सासऱ्यांचा जुना संगणक आणि छपाईयंत्र. चारचे ठोके पडले. छपाईयंत्र घसा खाकरल्यासारखं करून सुरू झालं.

दार अर्धं उघडं होतं. सासूबाईंनी ट्रेमधून कागद उचलला आणि वाचायच्या आधी गालाला लावला. ताप आलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा. ही सवय असावी, कारण सासरे त्यांच्याकडे न बघताच चष्मा पुसत होते. पण सासूबाईंनी कागद लगेच गालापासून दूर केला.

"हल्ली गार येतात," त्या म्हणाल्या.

पंखा चालू असतो ना, असं सासरे म्हणाले. पंखा बंद होता.

मग त्यांनी वाचलं. "आई, बाबा, मी बरा आहे. कपाटाचं दार करकरतंय, त्याला तेल घाला. टेबल खिडकीशी होतं ते बरं होतं. उजेड डावीकडून यायचा. आता भिंतीकडे तोंड करून बसायचं म्हणजे पाठ सगळी दाराकडे, आणि मागून. बाकी ठीक. ओल फार आहे. तेलाचं विसरू नका. जिना जपून उतरा."

तिची सगळी नोकरी कानांत उतरली. ऐकता ऐकता तिचा हात आपोआप शिक्का शोधू लागला, पण कुठला शिक्का ते मात्र ठरेना. आणि मग वेगळीच गोष्ट तिच्या लक्षात आली. टेबल खिडकीशी होतं. त्यांच्या खोलीतलं. तिनंच ते लग्नाच्या तिसऱ्या दिवशी भिंतीला लावलं होतं.

सासूबाईंनी वर पाहिलं, ती दिसली, आणि त्यांनी कागदाची शांतपणे घडी घातली. शिंपी नव्हता का, एवढंच विचारलं.

संध्याकाळी गच्चीवर नवऱ्यानं सगळं सांगितलं. घरात ती त्याला अहो म्हणायची आणि गच्चीवर तू, त्यामुळे खरं बोलायला दोघांना गच्चीच लागायची.

थोरला भाऊ बोगद्याच्या कामावर होता, लांब. मंगळवारी त्याची सुट्टी, म्हणून मंगळवारी त्याचा फोन यायचा, कधीमधी दोन ओळींचं पत्र. तीन वर्षांपूर्वी बोगद्यात काहीतरी खचलं. एक पेटी घरी आली. उघडू नका असं सांगून आली, आणि न उघडताच ती स्मशानात गेली. त्यानंतर आई दर मंगळवारी चार वाजता दारात खुर्ची टाकून बसायला लागली. दोन महिने त्यानं ते पाहिलं. मग भावाचे फोनवर, संगणकात होते नव्हते ते सगळे निरोप, टिपणं एका लिहिणाऱ्या यंत्राला खायला घातली आणि त्याला सांगितलं, दर मंगळवारी चारला एक पत्र पाठव.

आईंना खरं वाटतं का, तिनं विचारलं.

"पहिल्या पत्रापासून माहीत आहे तिला. बाबांनाही माहीत आहे. आई बाबांसाठी वाचते, बाबा आईसाठी ऐकतात, आणि मी दोघांसाठी गप्प बसतो." तो कठड्यावरचा चुना नखानं खरवडत होता. "पण तुला खोटं सांगत नाही, लग्नाच्या दोन दिवस आधी मी ते बंद केलं. खातंच काढून टाकलं. तुला पहिल्याच दिवशी कळलं असतं. तेव्हापासून बाबा चालवत असतील. शिकले असतील कुठून तरी."

टीव्ही बंद करण्यासाठी भिंतीतली पिन उपटणारा माणूस हे शिकला असेल, हे तिला पटलं नाही. पण नवीन सुनेनं सासऱ्यांना कमी लेखू नये, म्हणून तिनं असतील, एवढंच म्हटलं.

३

सकाळी सासरे खिडकीत पेपर वाचत बसले असताना तिनं सहज विचारावं तसं विचारलं. सासऱ्यांनी पेपर खाली घेतला. मी कशाला चालवतोय, तुझा नवरा चालवतो की, असं म्हणाले. नंतर ते पुष्कळ वेळ एकाच पानाकडे बघत राहिले, आणि पान जाहिरातींचं होतं.

हे ऐकून नवरा हसला, पण त्या हसण्यात दम नव्हता. काहीतरी राहून गेलं असेल, म्हणाला, खातं नीट बंद झालं नसेल. यंत्रं कधी पूर्ण बंद होतात का? त्यानं संगणकाची तार काढली, आंतरजालाची पेटी कपाटावर टाकली. छपाईयंत्राची तार मात्र त्याला काढवेना. का, ते त्यालाही सांगता आलं नाही. आईला काय वाटेल, असं काहीतरी बोलला.

पुढच्या मंगळवारी तिला शिंप्याकडे पाठवलं नाही. चौघंही कोपऱ्यातल्या खोलीत उभे राहिले, एखाद्या आजाऱ्याच्या उशाशी राहावं तसे. चार वाजले. छपाईयंत्र खाकरलं आणि सुरू झालं. आत रोलर फिरल्याचा आवाज, मग कागदाचं एक टोक, मग अख्खा कागद. नवऱ्यानं तो उचलला आणि तिच्या हातात दिला, गरम भांडं दुसऱ्याच्या हातात सारावं तसा. कचेरीत दिवसाला शंभर कागद छापले जातात, नुकता छापलेला कागद कसा ऊबदार लागतो ते तिला ठाऊक होतं. हा फरशीसारखा गार होता.

त्यात तेलाबद्दल आभार होते. तेल तिनं शनिवारी घातलं होतं, कपाटाच्या बिजागरीत, कुणाला न सांगता.

बुधवारी सासूबाई तिच्या खोलीत आल्या. ही खोली आधी थोरल्याची. कपाटही त्याचंच, दाराला आतून नव्हे तर बाहेरून आरसा असलेलं. वरच्या कप्प्यात एक पत्र्याचा डबा होता आणि तो तिथंच राहील, एवढंच तिला पहिल्या दिवशी सांगण्यात आलं होतं. सासूबाईंनी तो काढला आणि पलंगावर ठेवला.

"तुला वाटत असेल, मीच कळवत असेन त्याला. उत्तर धाडताना." त्या तिच्याकडे न बघता बोलत होत्या. "मी उत्तर कधीच धाडलं नाही. यंत्राला काय उत्तर धाडायचं? आणि टेबलाचं तर मुळीच सांगितलं नसतं. मला राग आला होता तुझा, टेबल हलवलंस तेव्हा. त्याला कशाला सांगू, तुझं टेबल कुणीतरी हलवलं म्हणून?"

त्या रागाचा तिला तोवर पत्ता नव्हता. सासूबाई राग आला की जास्त गोड बोलायच्या, आणि त्या दिवसांत त्या फारच गोड बोलत होत्या.

वाच, असं सांगून त्या गेल्या. कपाटाचं दार उघडंच राहिलं होतं. तेल घालूनही ते जरासं करकरलं.

४

कागद दीडशेच्या घरात होते. लग्नाच्या आधीचे एका बाजूला, लग्नानंतरचे अकरा दुसऱ्या बाजूला. आधीचे वाचताना तिला पाचव्या पत्रालाच जांभई आली. हवा, जेवण, तब्येत, एक आठवण, एक सल्ला. खालून वर वाचलं तरी तेच. नवऱ्याच्या यंत्रानं इमानेइतबारे काम केलं होतं.

लग्नानंतरची तिनं तीनदा वाचली. मग तिनं ती गोष्ट केली जी करायची नसते. दोन पत्रं, एक आधीचं, एक नंतरचं, 'आई-बाबा' असा मायना कापून, वर खोटे क्रमांक घालून कचेरीत नेली आणि बाईंच्या गठ्ठ्यात सरकवली. स्वतःच्या डोळ्यांवर तिचा विश्वास उरला नव्हता, आणि बाईंच्या डोळ्यांनी आजवर तरी कुणाची भीड ठेवली नव्हती.

पहिल्यावर बाईंनी चहा पीत पीत 'यंत्र' मारला. दुसरं त्यांनी एकदा वाचलं, पुटपुटत वाचलं, खालून वर वाचलं. कप बाजूला ठेवला. आणि मग 'माणूस' हा शिक्का अगदी हळू टेकवला. झोपलेल्याच्या अंगावर पांघरूण घालावं इतक्या हळू.

बाईंना निकालाबरोबर एखादं वाक्य बोलायची सवय होती. हा रागात आहे, हिनं दुसऱ्याच्या सांगण्यावरून लिहिलंय, असं काहीबाही. ती वाट बघत राहिली.

"हा ऐकत ऐकत लिहितोय," बाई म्हणाल्या. "हे बघ, इथं वाक्य तुटलं. 'पाठ सगळी दाराकडे, आणि मागून.' मागून काय? मागून कुणीतरी गेलं. हा थांबला, ते जाईपर्यंत हललाच नाही. मग पुन्हा सुरू केलं, तोवर मधलं विसरला होता. खाली परत तसंच." त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "कुणाचा आहे गं हा कागद?"

आलेल्या गठ्ठ्यातलाच आहे, ती म्हणाली. बाईंनी मान डोलावली, कागद तिच्याकडे सरकवला आणि साबणानं हात धुऊन आल्या.

शुक्रवारी तिला सुट्टी होती. सासू-सासरे डॉक्टरकडे गेले होते, नवरा कामावर. दुपारचे दोन, बाहेर लख्ख ऊन. ती हॉलमध्ये भाजी निवडत बसली होती तेव्हा तिला तो आवाज ऐकू आला. फार बारीक. उंदीर पुठ्ठा कुरतडतो तसा, पण उंदराला इतकी लय नसते. थोडा वेळ खरखर, जरा विसावा, पुन्हा खरखर. ओळ संपावी आणि हात परत डावीकडे यावा, तितकाच विसावा.

ती उठली. बांगड्या वाजल्या. आवाज थांबला.

खिडकीच्या झडपेचा असेल, तिनं स्वतःला बजावलं. आपण दिवसभर कागद चिवडतो, आपल्याला झडपेतही लिहिणं ऐकू येणारच. ती खाली बसली. एकेक करून हातातल्या बांगड्या काढल्या आणि ओच्यात ठेवल्या. बराच वेळ गेला. मग खरखर पुन्हा सुरू झाली.

आता ती अनवाणी, भिंतीला हात लावत बोळातून निघाली. खरखर थांबली नाही. खोलीचं दार लोटलेलं होतं. ती दारापाशी पोचली, तरी थांबली नाही. आत, दारापासून चार पावलांवर, भिंतीला लावलेल्या टेबलाशी कुणीतरी निवांत लिहीत होतं. दार ढकलायला हात पुढं केला, तेव्हा ओच्यातल्या बांगड्या एकमेकींवर सरकल्या. किण् असा एवढासा आवाज झाला.

आत सगळं थांबलं. खुर्ची मागे सरकली नाही, पाऊल वाजलं नाही. कुणी उठून गेलं नाही. फक्त थांबलं.

तिनं दार उघडलं नाही. सासू-सासरे परत येईपर्यंत ती जिन्यात, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे, भाजीची परडी मांडीवर घेऊन बसली. शेजारच्या काकूंनी विचारलं तेव्हा, इथं वारा बरा येतो, म्हणाली.

५

पुढच्या मंगळवारचं पत्र सगळ्यांत लहान होतं.

"आता पत्रं पुरे. पुढच्या मंगळवारी मीच येतो. खोली मोकळी ठेवा. जिना जपून उतरा."

सासूबाईंनी ते गालाला लावलं नाही. त्या उठल्या आणि खोली मोकळी करू लागल्या. गाद्या हॉलमध्ये आल्या, पलंग सुटा करून गच्चीवर गेला, नव्या साड्यांची बॅग टीव्हीखाली गेली. कुणी अडवलं नाही. त्यांना अडवायचं म्हणजे काय म्हणून अडवायचं, हेच कुणाला कळेना. टेबल खिडकीशी न्यायला तेवढा नवऱ्यानं नकार दिला. ते तसंच भिंतीला राहिलं. खुर्ची, टेबल आणि कपाट, एवढंच आत उरलं.

सासरे तिला जिन्यात गाठून बोलले. ते कधी तिला काही मागायचे नाहीत, पाणीसुद्धा स्वतः घ्यायचे. "तू यंत्र म्हण, पोरी. तू म्हटलंस की ती मानेल. तुझ्यावर तिचा विश्वास आहे, म्हणून तर लपवत होती तुझ्यापासून. यंत्र म्हण, मी ते छपाईयंत्र उचलून भंगारात टाकतो, आणि ती एकदा पोटभर रडून घेईल. तीन वर्षं राहिलंय तिचं रडणं."

नवऱ्यानंही गच्चीवर तेच सांगितलं. नाहीतर आई मंगळवारी दार सताड उघडून बसेल, आणि मग कायमचीच तिथं बसेल. पलंगाच्या फळ्या तिथंच पडल्या होत्या, त्यांवर दोघं बसले होते. थोड्या वेळानं तो वेगळ्या आवाजात म्हणाला, "एक विचारू? रागावू नकोस. डबा आपल्या कपाटात असतो. पत्रं तू आल्यापासून बदलली. ते तू तर—"

त्यानं वाक्य पुरं केलं नाही. बाईंनी हे वाक्यही माणसाचंच म्हणून ओळखलं असतं.

तिला राग यायला हवा होता. पण हा विचार तिच्या मनात त्याच्या आधी आठ दिवस येऊन गेला होता. तिनं एका दुपारी पाठकोऱ्या कागदावर चार ओळी लिहून खालून वर वाचूनही पाहिल्या होत्या. आपल्या नाहीत असं वाटलं होतं. पण स्वतःचा कागद स्वतः तपासायचा नाही, हा नियम तर कचेरीत लिहून ठेवायचीही कधी गरज पडली नव्हती.

म्हणून तिनं डबा तळापर्यंत उपसला. तळाशी दोऱ्यानं बांधलेली थोरल्याची स्वतःच्या हातची आठ पत्रं होती, बोगद्यावरून धाडलेली. "मातोश्री, मोजे पोचले. लहान आहेत. पाय कापता येत नाहीत, तेव्हा मोजे बदला." दुसरं: "मातोश्री, फोटो मिळाला. बाबा त्यात रडवेले का दिसतात? मी मेलेलो नाही." ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. या माणसाला ती कधी भेटली नव्हती. तो तिला आवडला असता. आठही पत्रांत कुठं आभार नव्हते, कुठं तक्रार लांबवलेली नव्हती, आणि कुठंही जिना जपून उतरा नव्हतं. सगळी पत्रं बोलता बोलता फोन ठेवून द्यावा तशी संपत होती.

'जिना जपून उतरा' कुणाचं, तिनं नवऱ्याला विचारलं. यंत्राचं, तो म्हणाला. पहिल्याच पत्रात त्यानं आपलं आपण घातलं होतं, आईला बरं वाटलं, म्हणून राहू दिलं. दादा असलं कधी बोलायचा नाही. दादा स्वतःच तीन-तीन पायऱ्या एकदम उतरायचा.

नंतरची अकरा आणि हे शेवटचं धरून बारा, सगळी त्याच शब्दांनी संपत होती. आणि एकातही मातोश्री नव्हती.

म्हणजे जो कुणी लिहीत होता, तो थोरल्याला ओळखत नव्हता. डब्यातली वरवरची पत्रं वाचून, यंत्राचा थोरला बघून बघून तो थोरला व्हायला शिकला होता. तळाशी तो कधी पोचलाच नव्हता. दोरा तीन वर्षांचा, गाठ घट्ट, धूळ न हललेली.

आणि थोरल्याला कधीच न भेटलेलं या घरात एकच माणूस होतं. ती.

हे ती कुणाला सांगणार होती?

६

मंगळवारी साडेतीनपासून चौघं हॉलमध्ये बसले होते. गुंडाळलेल्या गाद्यांवर, पाहुण्यांसारखे. खोलीचं दार सासूबाईंनी अर्धं उघडं ठेवलं होतं. बाहेरचं दार त्यांनी उघडलंच नव्हतं, आणि ते का, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. तो जिन्यानं येणार नाही हे त्यांनाही कळलेलं होतं.

चार वाजले. कोपऱ्यातल्या खोलीतलं छपाईयंत्र गप्प राहिलं.

"दोन पत्रं डब्यातून गेली होती," सासूबाई म्हणाल्या. "परत आली तेव्हा मागच्या शिक्क्याची शाई पुढं उमटली होती. मी उलटून पाहिलं नाही. तू सांग. यंत्र की माणूस?"

सासरे स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होते. नवऱ्यानं तिच्याकडे बघून अगदी थोडी मान हलवली. यंत्र म्हण. एक शब्द, दोन अक्षरांचा. रडून झाल्यावर सगळे चहा घेतील, पलंग खाली येईल, आणि आयुष्यभर नवरा अधूनमधून तिच्या हातांकडे बघत राहील. माणूस म्हटलं, तर सासूबाई उठून त्या खोलीत जातील. त्या कुणाकडे म्हणून जातील ते तिला ठाऊक होतं. आणि कुणाकडे जातील ते मात्र ठाऊक नव्हतं.

तिनं तोंड उघडलं. ती यंत्र म्हणणार होती. हे तिनं पुढं कधी नाकारलं नाही.

आत टेबल सरकलं.

एकदम नाही. आधी एक पाय, मग दुसरा, एकट्या माणसानं आवाज होऊ नये म्हणून एकेक कोपरा सरकवावा तसं. भिंतीपासून खिडकीपर्यंत पाच-सहा हातांचं अंतर. त्याला बराच वेळ लागला. तेवढ्या वेळात नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं, ती त्याच्या समोर, हात मांडीवर ठेवून बसलेली. त्याच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली, ही नाही, हिनं लिहिलेलं नाही. आणि मग त्या सुटकेमागून जे यायचं ते आलं, आणि तो पांढरा पडला.

मग खुर्ची. मग खरखर.

कपाटाचं दार करकरत थोडं उघडलं, आणि त्यावरचा आरसा फिरून हॉलच्या बाजूला आला. ती बसली होती तिथून आरशाची फक्त एक पट्टी दिसत होती. तीत खिडकीचा उजेड होता, टेबलाची कड होती, आणि एक कोपर. तेवढंच. डावीकडून उजवीकडे जाणारं, ओळ संपली की परत डावीकडे येणारं. ओलं असावं तसं ते टेबलाला जरा चिकटत होतं आणि सुटत होतं.

सासूबाई उठल्या. त्यांना आरसा दिसत नव्हता, त्यांना फक्त आवाज ऐकू येत होता, आणि त्यांचा चेहरा तीन वर्षांनी तरुण झाला होता. त्या खोलीच्या दारापर्यंत गेल्या. सासूबाईंनी दारावर हात ठेवला, त्यांच्या बांगड्या दारावर वाजल्या.

आरशातलं कोपर थांबलं. ते ऐकत होतं. किती वेळ वाट पाहावी हे त्याला माहीत होतं.

सासूबाई दार ढकलायच्या आधी तिच्याकडे वळल्या. तोंडानं विचारलं नाही, डोळ्यांनी विचारलं, आणि उत्तर काय यावं हेही त्या डोळ्यांत लिहिलेलं होतं. ती गादीवरून उठली, जाऊन त्यांचं मनगट बांगड्यांसकट घट्ट धरलं, आणि आतल्यालाही ऐकू जाईल इतक्या स्वच्छ आवाजात बोलली.

"माणूसच आहे, आई. पण आपला नाही."